खाली अंथरलेली शांतता

१

टाचणीचं काम कुणाला सांगायला गेलं की लोक आधी हसायचे. "शांतता गोळा करतेस म्हणजे? झाडू घेऊन की पोतं घेऊन?" हसणाऱ्यांचा तिला भयंकर राग यायचा. तसा तिला राग यायला फारसं काही लागायचं नाही. लहानपणापासून भेटेल त्याला टोचायची, म्हणून वडीलच तिला टाचणी म्हणायला लागले आणि मग ते नाव घरीदारी चिकटलं ते चिकटलंच.

काम खरं तर सरळ होतं. ध्वनिकेंद्रातून रोज संध्याकाळी मालिका लागायची. प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, भिंतीत एक कर्णा बसवलेला होता. त्याला बटण नव्हतं. मालिकेत एक कुटुंब होतं. भांडलंच तर भाग संपायच्या आत गोडीत यायचं. ऐकण्याची सक्ती नव्हती. अधूनमधून एक विचारपूसवाली बाई घरी यायची, चहा घ्यायची आणि गप्पांच्या ओघात विचारायची, "काल धाकटीने काय केलं हो?" ज्यांना सांगता यायचं नाही त्यांना काही दिवसांनी 'जागा बदलून मिळायची.' कुठे मिळाली हे विचारायला कुणी जात नसे. सगळे मूग गिळून बसायचे आणि कर्ण्याकडे तोंड करून जेवायचे.

अशा रिकाम्या झालेल्या घरांत टाचणीला पाठवायचे. मालिकेतली माणसं केंद्रात काचेच्या खोलीत उभी राहून बोलायची. त्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, तिथे आवाज जन्मतो तसा मरतो. त्यामुळे त्यांच्या बोलण्याखाली खऱ्या घराची शांतता अंथरावी लागायची, सतरंजी अंथरावी तशी. शांतता सगळीकडे सारखी नसते. न्हाणीघराची वेगळी, जिन्याखालच्या खोलीची वेगळी. टाचणी यंत्र मांडायची, दार लावून घ्यायची, श्वास धरून उभी राहायची आणि त्या खोलीची शांतता फितीवर उतरवून आणायची. शिवाय केंद्रात निरनिराळे जोडे घालून मालिकेतल्या माणसांच्या पावलांचे आवाजही काढायची. एवढंच.

तिच्या घरात मात्र शांतता औषधालाही नव्हती. घरात माणसं तीनच, पण तिघं एकाच वेळी बोलायची. बाबांनी जन्मभर एका सरकारी इमारतीत लिफ्ट चालवली. लोकांना वर-खाली नेलं, स्वतः मात्र एका जागी उभे राहिले, आणि कोण कुठल्या मजल्यावर उतरून परत आलं नाही हे कधी मोजलं नाही. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. एक्सचेंज बंद पडलं तरी तिचा आवाज बंद पडला नाही. कुणी नसलं तर ती दुधाशी बोलायची, "आता उतू गेलास तर बघ," असं दम देऊन सांगायची.

त्या सुट्टीच्या दुपारी बाबा खुर्चीवर ताठ बसून वर बघत होते. कर्ण्याच्या तोंडातून राखाडी लोकरीचं काहीतरी लोंबत होतं.

"हा माझा मोजा आहे," बाबा म्हणाले.

"मग? दुसरा हरवलाय. एका मोज्याचा तुम्हाला काय उपयोग?" आई म्हणाली.

"अगं, पण कर्ण्यात?"

"त्या बयेचं रडणं ऐकून माझं डोकं उठतं. कशी हो ती आई? पोरगी तोंडावर खोटं बोलते आणि ही म्हणते, 'तुझ्या आनंदातच माझा आनंद.' मी असते तर झाडूने बडवली असती."

"हे तू विचारपूसवालीला सांगितलं नाहीस ना?"

"सांगितलं की. बिचारीचा चहा नाकात गेला."

बाबांचा चेहरा उतरला. टाचणी हसायला लागली, हसता हसताच भडकली. "बाबा, पुरे झालं हे घाबरणं. तुमच्या अख्ख्या पिढीने माना खाली घातल्या म्हणून आमच्या डोक्यावर हे कर्णे आले. आई तरी बरी, मोजा कोंबते."

"तू जरा हळू बोल."

"का? कर्ण्याला कान आहेत?"

यावर नेहमी दोघंही एकदम तिच्यावर तुटून पडायची. आज कुणीच बोललं नाही. आई ओटा पुसत होती, बाबा वर बघत होते. घरात क्षणभर शांतता झाली.

त्या शांततेत कट् असा एक बारीक आवाज झाला.

टाचणीने दचकून आपल्या पायाकडे बघितलं. तो आवाज तिच्या डाव्या घोट्याचा होता. आणि ती तर मघापासून मांडी घालून, पाय न हलवता बसली होती.

२

घोटा तिचा दुखावला होता शाळेत असताना, जिन्यावरून पडून. तेव्हापासून त्या पायावर भार देऊन उभं राहिलं की तो वाजायचा. शांतता गोळा करणाऱ्या माणसाला असला घोटा म्हणजे शापच. महिन्याभरापूर्वी एका शिंप्याला जागा बदलून मिळाली, तेव्हा त्याच्या रिकाम्या घरात ती फीत फिरवत उभी होती आणि नेमका घोटा वाजला. पुन्हा घ्यायला हवं होतं. पण त्या घरात तिला थांबवेना. भिंतीवर शिवणयंत्राच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला होता, जमिनीत अजून टाचण्या रुतलेल्या होत्या. तिने यंत्र गुंडाळलं आणि आली. मास्तरांना म्हणाली, "एक चूक राहिलीय, कापून टाका." मास्तर म्हणजे केंद्रातले म्हातारे ध्वनिमुद्रक, तिचे वरिष्ठ. ते म्हणाले, "राहू दे. बोलण्याखाली दडून जाईल."

ती फीत तिने इतक्यांदा ऐकली होती की तिला पाठ होती. आधी घोटा. मग नळाच्या पोटातली गुरगुर. मग लांब कुठेतरी दार लोटल्यासारखा आवाज. मग काही नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, कारण फितीची दोन टोकं जोडून तिचं कडं करतात, म्हणजे शांतता हवी तितका वेळ पुरते.

आता स्वयंपाकघरात बसून ती वाट बघत राहिली. आईने ओटा पुसून फडकं पिळलं. बाबा खाकरले. मग दोघं गप्प झाली.

कट्. गुरगुर. लांबचं दार.

टाचणी शिकलेली मुलगी होती. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना ती तोंडावर वेड्यात काढायची. तिने स्वतःला सांगितलं, नळ सगळ्याच घरांत गुरगुरतात. दारंही सगळीकडे लोटली जातात. आणि 'कट्' म्हणजे लाकूड तापून तडकलं असेल. तीन योगायोग ओळीने उभे राहिले तरी ते योगायोगच.

मग तिला कर्ण्याची आठवण झाली आणि हायसं वाटलं. अर्थात! केंद्रातल्या कुण्या गाढवाने दुपारी ती फीत कर्ण्यावर सोडली असणार. स्टुलावर चढून तिने मोजा उपसला आणि कर्ण्याच्या गार जाळीला कान लावला.

कर्णा मेलेला होता. आवाज तिच्या पाठीमागून येत होता. खोलीतून.

"काय गं, मोज्याचा वास आवडला वाटतं?" आई म्हणाली.

टाचणी उतरली. तिने ओट्यावरचा डाव उचलला आणि मुद्दाम हातातून सोडला. त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे अडगळ होती. दोरीवर कपडे, कोपऱ्यात रद्दी, भिंतीला टेकवलेल्या गोधड्या, आईची कधी फेकू म्हणून न फेकलेली खोकी. या खोलीत काहीही पडलं तरी आवाज जागच्या जागी विरून जायचा, उशीवर पडल्यासारखा. डाव पडला आणि ठण्ण करून घुमला. घुमत राहिला. चार उघड्या भिंती असलेल्या, सामान हलवलेल्या खोलीत घुमावा तसा.

तिने खोलीभर नजर फिरवली. कपडे होते, गोधड्या होत्या, खोकी होती. आई होती. फक्त आवाजाच्या हिशेबी त्यातलं काहीच तिथे नव्हतं.

"आई, तुला हे वेगळं वाटतंय का? घुमल्यासारखं?"

आई थांबली. टाचणीचं वाक्य पुरतं संपू देऊन मग म्हणाली, "नाही बाई. मला तर काही वाटत नाही."

तिच्या आईने आजवर कुणाचंही वाक्य संपायची वाट बघितली नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी ती तडक मास्तरांच्या खोलीत शिरली. मास्तर पत्र्याच्या डब्यांतून फिती लावत होते. तिने सगळं सांगितलं. मास्तरांनी ऐकलं, उठून खोलीतल्या बेसिनचा नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाच्या आड उभे राहिले.

"शांतता कुठे कुठे लावतात ते मी विचारत नाही, पोरी."

"का नाही विचारत? चाळीस वर्षं तुम्ही हेच करताय ना?"

"म्हणूनच."

"मग मला एवढं तरी सांगा, ती लावतात कशाला? घरासारखं वाटावं म्हणून ना?"

मास्तरांनी फितीचा एक तुकडा घेतला. त्यावर तीन माणसं बोलत होती. त्यांनी कात्रीने मधल्या माणसाचं वाक्य कापून काढलं, टोकं चिकटवली आणि ऐकवली. मधे एक भोक पडलं होतं. कान तिथे अडखळत होता, जिन्याची पायरी चुकल्यासारखा.

"कळलं ना कुणीतरी काढलंय ते? आता हे ऐक." त्यांनी तोच तुकडा दुसऱ्या फितीवर चढवला. त्याखाली कुठल्याशा दिवाणखान्याची शांतता होती. या वेळी भोक पडलं नाही. दोन माणसं बोलत होती, आणि तिसरं कधी होतं असं वाटायला कुठेही जागा नव्हती. "घरासारखं वाटावं म्हणून नाही लावत. माणूस काढता यावा म्हणून लावतात. आधी शांतता अंथरतात. मग काढतात."

"हे मालिकेबद्दल बोलताय ना तुम्ही?"

मास्तरांनी फीत काढून डब्यात ठेवली. मग म्हणाले, "मालिकेत एक काका होता. आठवतो?"

"काका कधीच नव्हता. मी लहानपणापासून ऐकतेय. आई, बाप, दोन मुली."

"त्याच्या पावलांचा आवाज तू काढायचीस. गेल्या वर्षापर्यंत."

टाचणीला हसू आलं आणि अर्ध्यात थिजलं. मास्तर फडताळाकडे बोट दाखवत होते. तिथे पावलांच्या आवाजासाठी ठेवलेले जोडे ओळीने मांडलेले होते. आईच्या सपाता, बापाचे बूट, मुलींच्या चपला. टोकाला एक जाड टाचांचा, पुरुषी जोडा होता. तो तिने कधी पाहिला नव्हता. तिने पाय आत घातला. आतलं कातडं तिच्या पावलाच्या आकाराने दबलेलं होतं, अंगठ्यापर्यंत. डाव्या जोड्याची टाच एका बाजूने झिजली होती, दुखऱ्या घोट्याचं माणूस भार चुकवत चाललं की झिजते तशी. ती पाऊल टाकायला गेली आणि तिचं अंग आपोआप पुढे झुकलं, खांदे पडले, चाल जड झाली. तिच्या पायांना तो माणूस येत होता.

तिने जोडे भिरकावून दिले.

"आमच्या घरातून कुणाला काढणार?"

"मी कोण सांगणारा?"

"मास्तर!"

"जो सगळ्यात जास्त वाजतो त्याला," मास्तर नळाकडे बघत म्हणाले. "आणि एका वेळी एकच. दोन काढले तर ऐकणाऱ्याला शंका येते."

टाचणीला ओटा पुसणारी आई दिसली. विचारपूसवालीच्या नाकात चहा घालवणारी आई.

"थांबवायचं कसं?"

"थांबत नाही."

"तुम्ही चाळीस वर्षं कापताय. तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. का केस पिकले की आतून सगळं भित्रंच होतं माणूस?"

शिव्या खाल्ल्यासारखं म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग अगदी जवळ येऊन म्हणाले, "चालू बोलण्याच्या मधे कात्री चालत नाही. एकावर एक बोलणं चढलं तर मुळीच चालत नाही, एकाला काढताना दुसराही कापला जातो. म्हणून आधी माणसं एकेक करून बोलायला लागतात. आणि मग दोन वाक्यांच्या मधे, जिथे कुणी बोलत नसतं, तिथे..." त्यांनी बोटांची कात्री करून दाखवली. आवाज न करता.

"तुम्ही हे आधी कुणाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलंही असेल. पण कुणाला, ते आठवायला हवं ना," मास्तर म्हणाले आणि त्यांनी नळ बंद केला.

४

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बाबा खुर्चीवर, आई ओट्यापाशी. दोघं बोलत होती. टाचणी उंबऱ्यातच थबकली.

"आज पाणी लवकर गेलं," आई म्हणाली.

थोडी शांतता.

"हो, लवकर गेलं," बाबा म्हणाले.

थोडी शांतता.

"उद्या भरून ठेवायला हवं."

किती नीटनेटकं! तिच्या घरात हे वाक्य असं कधीच झालं नसतं. 'पाणी' म्हणेपर्यंत बाबांनी नगरपालिकेला शिव्या घातल्या असत्या आणि आईने त्यांच्यावर आवाज चढवून शेजारणीची तक्रार सांगितली असती. आता दोघं काचेच्या खोलीत उभी असल्यासारखी पाळीपाळीने बोलत होती. प्रत्येक वाक्यानंतर कात्रीचं पातं सहज आत जाईल एवढी फट ठेवून.

टाचणीने चपला भिरकावल्या. धावत जाऊन आईचं मनगट धरलं आणि तिला ओढून खाली बसवलं. मनगट ओलं होतं, साबणाचं, आणि त्याच्या आत नाडी उडत होती. गरम, जिवंत.

"आई, बोल. काहीही बोल. थांबू नकोस."

"अगं, पण झालंय काय?"

"एक्सचेंजचं सांग. ती बाई, जी रोज चुकीचा नंबर मागायची. सांग!"

"ती होय? अगं, ती रोज सकाळी एकच नंबर मागायची. मी म्हणायची, बाई, हा नंबर अस्तित्वात नाही. तर म्हणायची, तरीपण लावून बघा..."

टाचणीला तिच्यावर चढून बोलायचं होतं. एकावर एक, गिचमिड, कुणाला सोडवता येणार नाही असं. तिने तोंड उघडलं. जीभ उचलली. जीभ टाळूपाशी जाऊन थांबली. आईचं वाक्य संपेपर्यंत ती तशीच थांबून राहिली, रस्ता ओलांडायला उभ्या राहिलेल्या माणसासारखी. आई श्वास घ्यायला थांबली तेव्हाच जीभ सुटली.

भीती काय असते ते टाचणीला त्या क्षणी कळलं. आपली जीभ कुणीतरी आधीच नेमून दिलेल्या जागी उभी आहे हे कळणं, ती भीती.

"बाबा! तुम्ही बोला! आई बोलत असतानाच बोला, तिच्या तोंडातला शब्द काढून घ्या, नेहमी घेता ना!"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिचं वाक्य संपल्यावर, बरोबर जागेवर, म्हणाले, "तू दमलेली दिसतेस. जरा पड."

ते तिला ओळखीचं वाटलं. मालिकेतला बाप हेच म्हणायचा, याच चालीत, 'जरा' वर किंचित थांबून.

"नाही पडायचं मला! बाबा, तुम्ही असे उभे राहिलात जन्मभर, म्हणून हे झालं! निदान आज तरी ओरडा!"

"तू दमलेली दिसतेस," बाबा म्हणाले. "जरा पड."

त्यांच्या कपाळावर घाम होता. डोळे भेदरलेले होते. त्यांना काहीतरी वेगळं बोलायचं होतं हे तिला स्पष्ट दिसलं, आणि तोंडातून येत मात्र तेच होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला बापाची कीव आली.

म्हणजे ती आणि आई, दोघींनाच हे रेटायचं होतं. एकमेकींवर चढता येत नसेल तर फटी तरी बुजवायच्या. आई थांबली की टाचणी सुरू, टाचणी थांबली की आई. तिने आईला बजावलं, "मी तुझा हात दाबला की तू बोलायचं. लगेच."

आईने मान हलवली. तिला काय कळलं होतं कोण जाणे. पण लेकीचा चेहरा बघून ती घाबरली होती, आणि घाबरली की ती जास्तच बोलायची. ती एक्सचेंजमधल्या बायकांबद्दल बोलली, ज्या डब्यातली भाजी वाटून खाता खाता मंत्र्यांची बोलणी ऐकायच्या. टाचणी शाळेतल्या मार खाल्लेल्या दिवसांबद्दल बोलली. आई तिच्या जन्माबद्दल बोलली. "नाळ कापली तरी रडली नाहीस तू. सुईण म्हणाली, मुकी आहे. मी म्हटलं, माझी पोर आणि मुकी? जरा दम धरा, मग कान झाकायला हात पुरणार नाहीत." आई हसली. हसण्याच्या शेवटाला टाचणीने आपलं वाक्य जोडलं. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं. कर्ण्यावर मालिका सुरू झाली तशी बाबांनी खुर्ची तिकडे वळवली. मालिकेतली आई म्हणत होती, तुझ्या आनंदातच माझा आनंद. टाचणी तिच्या वरताण बोलत राहिली. वाण्याचे भाव, आकडे, पाढे, जे तोंडाला येईल ते. जिथे जिथे फट पडायला आली तिथे तिथे तिला खाली पसरलेली ती शांतता ऐकू यायची. सतरंजीच्या भोकातून जमीन दिसावी तशी.

आईचा आवाज बसत चालला. "टाचणे, मला पाणी दे गं."

"बोलत बोलत पी."

"असं कसं पिणार, वेडे?"

"मी बोलते. तू पी. मी बोलतेय ना, बघ, मी बोलतेय, मी थांबणार नाही, तू पी." तिने डाव्या हाताने तांब्या पुढे केला. उजव्या हातातलं मनगट सोडलं नाही. तिच्या बोटांखाली नाडी धडधडत होती, तिच्या स्वतःच्या नाडीहून वेगाने. म्हणजे आईला कळलं होतं. सगळं कळलं होतं, आणि तरी ती लेकीसाठी गमती सांगत होती.

"आई, मी तुला सोडणार नाही," टाचणी म्हणाली. घसा सुकून काटे आले होते. "काही झालं तरी मी तुला..."

शब्द घशात अडकला. तिने गिळला. श्वास घेतला.

५

घरात दोघंच असायची, टाचणी आणि बाबा. दोघांपुरतं स्वयंपाकघर मोकळं, सुटसुटीत, कुठे अडगळ नाही. सकाळी टाचणी चहा करायची, बाबा खुर्चीवर बसून प्यायचे. दोघं थोडकं बोलायची. आधी एक, मग दुसरं.

त्या सकाळी तिचा आवाज पार बसला होता.

"एवढं काय झालं घशाला?" बाबांनी विचारलं.

"काय माहीत. कामावर ओरडले असेन मास्तरांवर."

"त्यांच्यावर ओरडत जाऊ नकोस. म्हातारा माणूस."

"हो," टाचणी म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं की आपल्याला राग आला नाही.

विचारपूसवाली बाई आली. खुर्ची ओढून बसली, इकडेतिकडे बघत म्हणाली, "दोघांचंच घर, पण किती छान ठेवलंय हो!" टाचणीने काल मालिकेत काय झालं ते सगळं नीट सांगितलं. आईने धाकटीला माफ केलं. बाई खूश झाली. कप उचलून द्यायला टाचणीने उजवा हात पुढे केला, आणि कप खाली पडला.

"लागलं का गं?" बाई म्हणाली.

"नाही. बोटं आखडलीत जराशी."

बाई गेल्यावर तिने हात उजेडात धरला. अंगठा आणि बोटं अर्धवट वळून एक कडं झालं होतं. पूर्ण उघडेना, पूर्ण मिटेना. बाबांनी जवळ येऊन बोटं सरळ करून पाहिली. गरम पाणी आणलं, तेल चोळलं. दाबून मूठ करायला गेले तर बोटं मधेच थांबायची, जसं आत काहीतरी आहे आणि त्याच्यापलीकडे ती जाऊ शकत नाहीत.

"झोपेत काही धरून ठेवलं होतंस का?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. मी काय धरणार?"

बाबा तिच्या हाताकडे फार वेळ बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, काहीतरी यायला आलं. मग ते म्हणाले, "तू दमलेली दिसतेस. जरा पड." आणि खुर्चीकडे गेले.

टाचणी खिडकीपाशी उभी राहिली. रस्त्यावर लोक कामाला चालले होते. घर शांत होतं, चांगलं शांत, कुठे काही खुपत नव्हतं. फक्त त्या बोटांच्या टोकांना काहीतरी लागत होतं. तिने दुसऱ्या हाताने चाचपलं. कड्यात नुसती हवा होती. हवा कोमट होती.

हात कानाशी नेला. काही ऐकू आलं नाही. पण बोटांना ते कळत होतं. पोकळीच्या मधोमध काहीतरी ठोके देत होतं.

तिने डावा हात आपल्या छातीवर ठेवून पाहिला. तिचं काळीज सावकाश, शांतपणे चाललं होतं. बोटांतले ठोके त्याच्याशी जुळत नव्हते. ते जोरात होते, घाबरलेल्या माणसाचे असतात तसे, आणि तिने हात घट्ट आवळला तसे आणखी वाढत चालले.